वाढलेलं कुंपण काढायचंय? जेसीबी सगळ्यात शेवटी बोलवा

नाशिकच्या गंगापूर रोड, कॉलेज रोड, इंदिरानगर किंवा देवळाली कॅम्पातल्या जुन्या बंगल्यांभोवती झुडपांचं हिरवं कुंपण हमखास दिसतं. लावलं तेव्हा ते कमरेइतकं असतं. मग मुलं पुण्याला नाहीतर परदेशी जातात, माळी यायचा बंद होतो आणि पाच-सात पावसाळ्यांत कडू मेंदीची दहा फुटी भिंत उभी राहते. तिच्यात सुबाभूळ घुसते, घाणेरी घुसते, मधूनच एखादा उंबर डोकं वर काढतो. घर रंगवायचं, विकायचं किंवा पक्कं कंपाउंड बांधायचं ठरलं की घरातलं कुणीतरी म्हणतं, "त्यात काय, जेसीबी बोलवू, तासाभरात साफ!"

साफ होतं खरं, पण फक्त कुंपण. जेसीबी फांद्यांसकट झुडपं ओरबाडतो आणि माती, काटे, पानं, तार सगळं एकत्र कालवून अंगणात ढीग घालतो. तो ढीग सोडवायला मजुरांचे दोन दिवस जातात, ट्रॉलीच्या फेऱ्या दुप्पट होतात आणि तासावर घेतलेलं मशीन तोवर तुमचेच पैसे खात उभं असतं. म्हणून माझं मत स्पष्ट आहे. मशीनचं काम बुंधे उपटण्यापुरतं. त्याआधीचं सगळं कोयता, कुऱ्हाड आणि चेनसॉने उरकून ठेवायचं आणि मशीन शेवटी आणायचं.

मशीन लागतंय का, ते आधी बघा

टेप घेऊन कुंपणाभोवती एक फेरी मारा. लांबी, उंची, रुंदी आणि बुंध्याची जाडी, एवढ्या चार गोष्टी लिहून काढा. तीस-चाळीस फुटांचं ड्युरांटा किंवा मेंदीचं कुंपण असेल आणि बुंधे मनगटाएवढे असतील, तर जेसीबी विसरा. पहार, टिकाव, कुऱ्हाड घेऊन दोन गडी एक-दोन दिवसांत ते मुळासकट काढतात, फरशीही शाबूत राहते. शंभर फुटांच्या पुढचं, मांडीएवढ्या बुंध्यांचं, सुबाभूळ-विलायती चिंच मिसळलेलं कुंपण असेल तरच मशीनचा हिशेब बसतो.

आणखी एक मोजमाप सगळेच विसरतात: कुंपण आणि कंपाउंडच्या भिंतीतलं अंतर. हे दीड फुटाच्या आत असेल तर बुंधे उपटण्याच्या फंदात पडू नका. मुळं भिंतीच्या पायाखाली गेलेली असतात. बुंधा ओढताना पायाचे दगड हलतात आणि पुढच्या पावसाळ्यात भिंत झुकते. अशा ठिकाणी बुंधा जमिनीलगत कापून तिथेच मारणं शहाणपणाचं. ते कसं करायचं, ते शेवटी येईलच.

कुंपणात काय दडलंय

दुरून सगळी हिरवळ सारखीच दिसते, पण प्रत्येक झाडाची खोड वेगळी. बोगनवेलीचे काटे पातळ चपलेतून आरपार जातात, टायरही सोडत नाहीत. कण्हेर सर्वांगाने विषारी. तिची पानं शेळ्या-गायींपुढे पडता कामा नयेत आणि ती शेकोटीत तर अजिबात जाता कामा नये. घाणेरीचा पालाही जनावरांना बाधतो. सगळ्यात जपायचं ते शेराच्या झुडपाला. शेताच्या बांधांवर आणि जुन्या मळ्यांच्या कडेला शेराचं कुंपण अजून दिसतं. त्याचा पांढरा चीक डोळ्यात गेला तर भयंकर आग होते, काही काळ दिसेनासंही होतं. शेर कापणाऱ्याला साधा काळा चष्मा पुरत नाही, सगळ्या बाजूंनी बंद असलेला गॉगल हवा. रबरी हातमोजे आणि पूर्ण बाह्यांचा शर्टही हवा. चीक उडालाच तर डोळा भरपूर स्वच्छ पाण्याने बराच वेळ धुवायचा आणि थेट डॉक्टरकडे जायचं.

दुसरी दडलेली गोष्ट म्हणजे तार. कुंपण लावताना पूर्वी आधाराला लोखंडी अँगल आणि काटेरी तार ताणायची पद्धत होती. झाड वाढत जातं तसं ते तारेला पोटात घेतं. बाहेरून बुंधा अगदी धडधाकट दिसतो, फक्त एका ठिकाणी सालीला आडवी सुरकुती असते आणि तिच्याभोवती साल फुगलेली असते. चेनसॉची साखळी तिथे लागली की ठिणग्या उडतात, दात बोथट होतात आणि साखळी तुटली तर कापणाऱ्याच्या अंगावर येते. मशीनने ओढलं तर ताणलेली तार चाबकासारखी सुटते. म्हणून कुंपणाच्या दोन्ही टोकांपासून तार शोधत या, अँगल दिसला की त्याच्या पुढचा-मागचा बुंधा चुन्याने खुणावा आणि जिथे सापडेल तिथे तार कटरने आधीच तोडा.

तिसरी गोष्ट जिवंत असते. दाट, दमट, पालापाचोळ्याच्या कुंपणात घोणस आणि नाग असू शकतात. फांद्यांत गांधीलमाशीचं घर किंवा फुलोरी मधमाशांचं लहानसं पोळं असतं. काम सुरू करण्याआधी लांब काठीने बुंध्यांशी खडबडाट करा आणि थोडा वेळ थांबा. साप दिसला तर सर्पमित्राला बोलवा. कोयता उगारायचा नाही. शहराच्या कडेला, मळ्यांना लागून असलेल्या प्लॉटवर बिबट्याची शक्यता हसण्यावारी नेऊ नका. नाशिकमध्ये बिबट्या भरवस्तीत येऊन गेलाय. ठसे किंवा ओढून आणलेलं कुत्रं दिसलं तर वनविभागाच्या १९२६ या हेल्पलाइनवर कळवा आणि तोपर्यंत कुंपणापासून लांब राहा. बुलबुल, शिंपी, मुनिया यांची घरटी असतील आणि त्यांत अंडी-पिल्लं असतील, तर तेवढा भाग पिल्लं उडेपर्यंत सोडा. नाहीतरी घाई कशाची असते?

परवानगी आणि हद्द

झुडपं काढणं वेगळं आणि झाड तोडणं वेगळं. कुंपणात आपसूक उगवलेला कडुनिंब, उंबर, आंबा, करंज हे झाडच, भले ते तुम्ही लावलेलं नसो. महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ प्रमाणे शहरात झाड तोडायला वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते, स्वतःच्या आवारातलं असलं तरी. महापालिका हद्दीत उद्यान विभागाकडे अर्ज करायचा, सोबत फोटो आणि मालकीचा कागद जोडायचा. देवळाली कॅम्पात आधी कॅन्टोन्मेंट बोर्डाकडे चौकशी करा. २०२१ च्या दुरुस्तीनंतर पन्नास वर्षं किंवा त्याहून जुन्या झाडांना हेरिटेज वृक्षाचा दर्जा आहे, त्यामुळे जुन्या बंगल्यातलं मोठं झाड असेल तर त्याला हातच लावू नका. त्याच्याभोवतीची झुडपं काढा आणि मुळांपासून मशीन लांब ठेवा.

परवानगीचा कागद मोबाईलमध्ये न ठेवता छापून गेटवर लावा. सिंहस्थ कुंभमेळ्यात साधूंच्या मुक्कामासाठी उभारायच्या साधुग्रामसाठी तपोवनातली झाडं तोडण्यावरून २०२५ च्या अखेरीस शहरात रान पेटलं होतं. तेव्हापासून कुठे चेनसॉचा आवाज आला की लोक थांबून विचारतात, आणि ते योग्यच आहे.

आता हद्दीचं. कित्येक जुन्या प्लॉटवर हे हिरवं कुंपण हाच हद्दीचा एकमेव पुरावा असतो. ते काढलं की पुरावा गेला आणि वीस वर्षं गोडीगुलाबीने राहिलेले शेजारी एका फुटावरून भांडायला लागतात. म्हणून आधी शेजाऱ्यांकडे जा. फोनवर नको, समोर बसून बोला. कुंपण मध्यावर आहे, तुमच्या बाजूला आहे की त्यांच्या, हे दोघांनी मिळून बघा. शंका असेल तर भूमी अभिलेख कार्यालयाकडून रीतसर मोजणी करून घ्या. वेळ लागतो, पण भिंत बांधायची असेल तर याला पर्याय नाही. शंका नसली तरी दोन्ही टोकांना लोखंडी खुंट ठोका, दोघांच्या समोर दोरी ताणा आणि फोटो काढून ठेवा.

जमिनीखाली काय आहे

कुंपण लावायला जागा निवडली जाते ती प्लॉटची कड. नळाची लाईन, ड्रेनेज, मीटरकडे जाणारी केबल, इंटरनेटची फायबर आणि आता गॅसची पाइपलाइन टाकणारेही तीच कड निवडतात. मुळं आणि पाइप एकमेकांत गुंतलेले असतात.

शहरात घरगुती गॅसची लाईन आलेल्या भागात ही काळजी दुप्पट घ्या. गॅसचा पाइप बहुतेक पिवळ्या, काही ठिकाणी नारिंगी रंगाचा असतो. पिवळी पट्टी किंवा तसा पाइप दिसला की मशीन बंद करायचं आणि गॅस कंपनीच्या आपत्कालीन क्रमांकावर फोन करायचा. तो क्रमांक आधीच लिहून ठेवा. महावितरणचं मीटर कुठे आहे आणि केबल खांबावरून कुठून उतरते, ते पाहून तिचा अंदाजे मार्ग चुन्याने आखा. ड्रेनेजच्या दोन चेंबरांची झाकणं उघडून बघितली की त्यांच्या मधली लाईन कुठून जाते ते कळतं. नळाचा व्हॉल्व्ह कुठे आहे ते माहीत करून घ्या आणि तो फिरतो का तेही तपासा, कारण बऱ्याच घरांतला व्हॉल्व्ह वर्षानुवर्षं गंजून बसलेला असतो.

जिथे शंका असेल तिथे पहारीने घाव घालू नका, फावड्याने एक फूटभर चर हाताने खणा. आडवा चर घेतला की त्या पट्ट्यातून जाणारी उथळ लाईन सापडते, खोल गेलेली मात्र सुटू शकते. वरचंही बघा. उघड्या वीजतारा कुंपणावरून जात असतील तर मशीनचा आर्म आणि तार यांत किमान दहा फूट मोकळे हवेत. तेवढे मिळत नसतील तर महावितरणला सांगून लाईन बंद करून घ्या, किंवा तो तुकडा हातानेच काढा.

कोणतं मशीन, कोणत्या दिवसांत

नाशिकमध्ये सहज मिळतो तो नेहमीचा पिवळा जेसीबी, पुढे मोठी बकेट आणि मागे खोदायचा आर्म. तो साधारण साडेसात फूट रुंद आणि सात-आठ टन वजनाचा असतो. म्हणजे गेट किमान नऊ फुटी हवं आणि गल्लीत वळायला जागा हवी. शिवाय मागच्या आर्मने काम करताना तो दोन पाय टेकवतो. ते पाय पेव्हर ब्लॉकवर टेकले तर ब्लॉक फुटणारच, त्यामुळे खाली जाड फळ्या टाका. शोषखड्डा, जुनी सेप्टिक टाकी किंवा जमिनीखालची पाण्याची टाकी असेल तर तिच्यावरून मशीन नेऊ नका. हे ऑपरेटरला कसं कळणार? तुम्हीच चुन्याने गोल आखून दाखवा.

गेट अरुंद असेल तर मिनी पोकलेन, म्हणजे पट्ट्यांवर चालणारं लहान खोदाई मशीन, विचारा. तो जागच्या जागी फिरतो, भिंतीलगत नाजूक काम करतो. पण सगळीकडे मिळत नाही आणि टेम्पोवर चढवून आणावा लागतो, त्यामुळे येण्या-जाण्याचा खर्च वेगळा. तिसरा पर्याय खास आपल्या जिल्ह्याचा. दिंडोरी, निफाड, ओझर भागात जुनी द्राक्षबाग मोडताना खोडाला साखळी बांधून ट्रॅक्टरने ओढतात. मळ्यातल्या किंवा शहराबाहेरच्या मोकळ्या जागेवर मध्यम बुंध्यांना ही पद्धत स्वस्तात पडते. साखळी जाड हवी, दोरखंड चालत नाही. ती बुंध्याला अगदी खाली बांधायची, झटका न देता हळू ताणायची आणि ताणलेल्या साखळीच्या रेषेत कुणी उभं राहायचं नाही. ट्रॅक्टरला साखळी मागच्या हुकालाच, खालच्या बाजूला लावायची. वर बांधली तर ट्रॅक्टर पुढून उचलला जाऊन उलटतो.

वेळ निवडताना आपली काळी माती ध्यानात घ्या. पावसात जेसीबी तिच्यात रुततो आणि अंगणाचा चिखल करतो. मे महिन्यात तीच माती दगड होते, बुंधा ओढला की वरून तुटतो, मुळं आत राहतात आणि पुन्हा फुटतात. पाऊस संपून जमिनीला वाफसा आला, म्हणजे ती फार ओलीही नाही आणि कोरडीही नाही अशी झाली, की बुंधा मुळासकट येतो. मला विचाराल तर दिवाळीनंतरचे दोन महिने सर्वांत चांगले. ऑक्टोबरमध्ये द्राक्षांच्या छाटणीला मजूर मळ्यांवर जातात, त्यामुळे शहरात गडी मिळायला मारामार. त्यात सिंहस्थाची कामं सुरू असतील तर मशीनही आठवडाभर आधी सांगून ठेवलेलं बरं.

भाव ठरवताना

जेसीबी मिळवायला फार शोधाशोध लागत नाही. खडी-मुरूम पुरवणारे, किंवा पाथर्डी फाटा, आडगाव, म्हसरूळकडे नवीन बांधकामं चालू असतात तिथले लोक नंबर देतात. भाव तासावर असतो, साधारण हजार ते पंधराशेच्या घरात, डिझेलप्रमाणे वर-खाली. पण आकड्यापेक्षा त्यात काय धरलंय ते महत्त्वाचं. तास निघाल्यापासून मोजणार की काम सुरू केल्यापासून? कमीत कमी किती तासांचे पैसे? डिझेल त्यातच ना? ऑपरेटरचा भत्ता वेगळा का? मशीन बिघडलं तर तो वेळ कुणाचा? हे सगळं फोनवर बोलून झालं की तेच मेसेजवर लिहून पाठवा आणि "हो" असं उत्तर घ्या. मशीनचं आरसी बुक, चालू विमा आणि ऑपरेटरचं लायसन्स यांचे फोटो मागा. जो द्यायला कुरकुर करतो त्याला सोडा, शेजारची भिंत पडली तर प्रश्न त्याच कागदांवर येतो.

ठोक भावात काम देऊ नका. "सगळं मिळून अमुक इतके" म्हटलं की ऑपरेटर घाई करतो, आणि घाईत पाइप तुटतात. हिशेब स्वतः करा. समजा १२० फूट कुंपण आहे आणि दर दोन फुटांवर एक बुंधा, म्हणजे साठ बुंधे. छाटून तयार असलेला बुंधा तीन-चार मिनिटांत निघतो, म्हणजे तीन ते चार तास. कुणी आठ तास सांगितले तर कारण विचारा. खाली मुरूम किंवा खडक असेल तर ते कारण खरंही असू शकतं.

मशीन यायच्या आधी

मशीनच्या आधी दोन दिवस कोयते आणि चेनसॉ चालवा. आधी वेली आणि काटे काढायचे, मग बारीक फांद्या, मग जाड. आणि इथे एक गोष्ट गड्यांना सांगून ठेवा, नाहीतर ते सवयीने बुंधा जमिनीलगत छाटून मोकळे होतात: बुंधा तीन-चार फूट उभा ठेवायचा. त्या उभ्या बुंध्यालाच बकेट किंवा साखळी लावून हलवता येतं, तरफ मिळते, मुळं सैल होतात. जमिनीलगत कापलेला बुंधा काढायला मशीनला चहूबाजूंनी खणावं लागतं, खड्डा मोठा होतो आणि वेळ दुप्पट जातो.

चेनसॉ चालवणाऱ्याने खांद्याच्या वर मशीन उचलायचं नाही आणि शिडीवर उभं राहून तर मुळीच कापायचं नाही. पायात बूट, डोळ्यांवर गॉगल. लोक गड्यांना पैसे देतात पण दोनशे रुपयांचा गॉगल देत नाहीत, हे मला कधीच कळलेलं नाही.

तोडलेल्या फांद्या एकाच दिशेने, बुडखे एका बाजूला करून रचा. वेडावाकडा ढीग दुप्पट जागा खातो.

मशीनचा दिवस

सकाळी आठची वेळ मागा. गाड्या गल्लीतून हलवायला शेजाऱ्यांना आदल्या रात्री सांगा. ऑपरेटर आला की चावी फिरवायच्या आधी त्याला घेऊन एक फेरी मारा. ही लाईन, ही टाकी, इथे तार होती, हे झाड ठेवायचं. संवाद साधारण असा होतो:

"दादा, या टोकाचे तीन बुंधे सोडा, खाली नळ आहे."

"साहेब, हळूच काढतो ना."

"नको. ते आम्ही हाताने काढतो."

इथे ठाम राहा. बहुतेक ऑपरेटर हाताचे पक्के असतात, पण जमिनीखालचं त्यांनाही दिसत नाही.

मागच्या आर्मला अरुंद बकेट लावायला सांगा, साधारण दीड फुटी. रुंद बकेट नुसती माती उपसते. पद्धत अशी: बुंध्याच्या भिंतीकडच्या बाजूला हात लावायचा नाही. अंगणाच्या बाजूने बकेटचे दात खाली घालून मुळं तोडायची, मग बुंधा आपल्याकडे, भिंतीपासून लांब ओढायचा. भिंतीच्या दिशेने ढकलला की भिंत गेलीच समजा. निघालेला बुंधा बकेटने दोन-तीनदा आपटून माती झाडून घ्यायची, तीच माती खड्ड्याला लागते. एक माणूस फक्त लक्ष ठेवायला उभा करा. तो ऑपरेटरला दिसेल अशा जागी, आर्मच्या फिरण्याबाहेर हवा. त्याने हात वर केला की मशीन थांबणार, एवढी एकच खूण ठरवा. मुलं आणि कुत्री घरात बंद.

सुरू आणि बंद केल्याची वेळ ऑपरेटरच्या समोर कागदावर लिहा, मशीनच्या मीटरचा फोटोही काढा. पैसे काम बघून झाल्यावर.

कचरा कुठे जाणार

याचा विचार सगळ्यात शेवटी होतो आणि सगळ्यात जास्त त्रास यानेच होतो. १२० फूट लांब, दहा फूट उंच, पाच फूट रुंद कुंपण म्हणजे सहा हजार घनफूट हिरवळ. नीट कापून दाबली तर माझ्या अंदाजाने चौथा-पाचवा हिस्सा उरतो, बाराशे ते पंधराशे घनफूट. चढती रचून बांधलेल्या ट्रॅक्टर ट्रॉलीत दोनशेच्या आसपास मावतं, म्हणजे सहा ते आठ फेऱ्या. न कापता ओरबाडलेल्या कुंपणाचं किती होईल, तुम्हीच बघा.

घंटागाडी एवढा माल घेत नाही. मोकळ्या प्लॉटवर टाकू नका आणि पेटवून तर मुळीच देऊ नका. उघड्यावर कचरा जाळण्याबद्दल राष्ट्रीय हरित लवादाने २०१६ मध्येच पाच हजारांचा आणि मोठ्या प्रमाणावर जाळल्यास पंचवीस हजारांचा दंड ठरवून दिलाय. सुबाभळीचे जाड बुंधे सरपणाला मागणारे मिळतात, बऱ्याचदा वाहतूकही तेच करतात. बाकीच्या फांद्यांसाठी द्राक्षवाल्यांकडे छाटणीच्या काड्या बारीक करायचा ट्रॅक्टरचा श्रेडर मिळतो का विचारा. त्यातून निघालेला चुरा झाडांच्या आळ्यात आच्छादन म्हणून उत्तम. कण्हेर, शेर आणि तारेचे तुकडे मात्र त्यात जाता कामा नयेत.

उरलेले बुंधे आणि खड्डा

भिंतीलगतचे, नळावरचे जे बुंधे ठेवले, ते जमिनीच्या दोन-तीन इंच खाली कापा, वर काळं जाड प्लास्टिक टाकून कडेने माती दाबा. फुटवा दिसला की लगेच खुडा, पंधरा-वीस दिवसांनी पुन्हा. सुबाभूळ आणि बोगनवेल चिवट, वर्षभर पिच्छा सोडत नाहीत. मीठ, अॅसिड, डिझेल ओतू नका, तिथे पुढे काहीच उगवणार नाही. तणनाशकाच्या बाबतीतही सांभाळून, ग्लायफोसेटचा वापर केंद्र सरकारने २०२२ मध्ये पेस्ट कंट्रोल ऑपरेटरांपुरता मर्यादित केलाय.

खड्डा एकदम भरायचा नाही. सहा-सहा इंचांचा थर, पाणी, धुमुसाने ठोकणी, मग पुढचा थर. काळी माती बसते, त्यामुळे शेवटी तीन-चार इंच उंच ठेवा. त्यावर लगेच पेव्हर ब्लॉक नकोत, एक पावसाळा जाऊ द्या. दरम्यान अंगण उघडं पडतं आणि गल्लीतली गाय पहिल्याच रात्री पाहुणी येते, म्हणून बांबू आणि हिरवी शेडनेट मशीन यायच्या आधीच आणून ठेवा. पुन्हा हिरवंच कुंपण लावणार असाल तर भिंतीपासून तीन फूट सोडून लावा, माणूस मधून कात्री घेऊन जाऊ शकेल इतकं.